एकच ओव्हरी असताना दिवस राहतात का? अनुभव आणि माहिती हवी आहे

गुलबक्षी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. इथे पीसीओडी आणि आयव्हीएफवर ढीगभर धागे सापडले, यावर एकही नाही.

वय ३१, कोथरूडला राहते. इंजिनिअरिंगला होस्टेलवर असताना एका रात्री पोटात असं काही दुखायला लागलं की उलट्या थांबेनात. उजव्या ओव्हरीत डर्मॉइडची गाठ होती आणि ओव्हरीला पीळ बसला होता. रातोरात ऑपरेशन झालं, ओव्हरी काढून टाकली. त्यानंतर काही म्हणजे काही त्रास नाही. पाळीही नियमित.

गेल्या दिवाळीपासून आम्ही चान्स घेतोय, अजून काही नाही. नवऱ्याला लग्नाआधीपासून सगळं माहीत आहे, सासूबाईंना नाही. त्या तशा चांगल्या आहेत, पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक जण माझ्या पोटाकडे बघून "यंदा काय?" विचारत होती आणि त्या माझ्याकडे. असो.

एकच ओव्हरी म्हणजे एक महिनाआड बीज तयार होणार ना? मग वर्षातले सहाच महिने उपयोगाचे धरायचे का, आणि ते कुठले हे कसं कळणार?

दुसरं म्हणजे एका सेंटरला जाऊन आलो (नाव घेत नाही). तिथे एएमएच ही रक्ततपासणी केली, १.३ आली. मॅडम म्हणाल्या, "एकच ओव्हरी, त्यात एएमएच कमी, वेळ घालवू नका." बाहेर आलो तर काउन्सेलरने आयव्हीएफच्या पॅकेजचा कागद पुढे केला. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. नवऱ्याला साधं वयसुद्धा विचारलं नव्हतं तोवर. खरंच एवढी घाई आहे का?

मृण्मयी_ब

अगं, पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नकोस. माझी डावी ओव्हरी चॉकलेट सिस्टमुळे गेली, तेव्हा लग्नही झालं नव्हतं. आता मुलगी पहिलीत आहे. कुठलंही इंजेक्शन न घेता राहिली. वेळ लागला, पण राहिली. तुझी तर पाळीही नियमित आहे. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता डबे भरायचेत.

नारायण पेठ

एका किडनीवर माणूस सत्तर वर्षं आरामात काढतो. निसर्गाने जोडी दिली आहे ती त्यासाठीच. चिंता नसावी.

स्टेथोवाली

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, प्रॅक्टिस पुण्यात नाही. न तपासता औषध सांगणार नाही, पण या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

एक महिनाआड ही समजूत फार पक्की आहे, माझ्याकडे येणाऱ्या शिकल्यासवरल्या बायकाही हेच विचारतात. दोन्ही ओव्हरीज शाबूत असतानाही उजवी-डावी असा नेम नसतो. लागोपाठ तीन महिने एकाच बाजूने बीज येऊ शकतं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी आहे, तिच्यातून एफएसएच हे हार्मोन रक्तात सुटतं आणि रक्तातून सगळीकडे जातं. त्याला जे फॉलिकल (बीज जिच्यात वाढतं ती बारीक पिशवी) सगळ्यात चांगला प्रतिसाद देतं ते वाढतं, त्या महिन्यातली बाकीची विरून जातात. ओव्हरी एकच उरली तर सगळं एफएसएच तिच्याच वाट्याला येतं. पाळी नियमित आहे, तर बीजही दर महिन्याला तयार होतंय असंच धरून चाल. बाराही महिने तुझे.

काकांचं किडनीचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. उरलेली ओव्हरी महिन्याचं काम पूर्ण करते हे खरं, पण बीजांचा साठा नव्याने तयार होत नाही. मुलगी जन्मते तेव्हा दोन्हींत मिळून १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती जेमतेम ४००-५००. बाकीची नुसती विरतात. त्यामुळे एक ओव्हरी गेली म्हणून आई होण्याची वर्षं निम्मी होत नाहीत. पाळी जाण्याचं वय सरासरी एखाद्या वर्षाने अलीकडे येतं, इतकंच.

एएमएचचं. हा आकडा साठा साधारण किती आहे ते सांगतो, बीज कसं आहे ते सांगत नाही. ओव्हरी एक म्हटल्यावर तो कमीच येणार, त्यात दचकण्यासारखं काय? २०१७ मध्ये जामा या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या बायका घेतल्या होत्या. ज्यांची एएमएच कमी होती त्यांना आपसूक दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी निघाली नाही. एएमएचचा खरा उपयोग आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी किती बीजं मिळतील याचा अंदाज घ्यायला. आयव्हीएफ करायचं की नाही हे तिच्या एकटीच्या जिवावर ठरवू नये.

३५ च्या आत असाल तर वर्षभर आणि ३५ नंतर सहा महिने वाट बघून तपासण्या, असा सर्वसाधारण नियम. पण ओव्हरीचं ऑपरेशन झालेलं असेल तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नये, तेव्हा तू आत्ता गेलीस ते बरोबरच केलंस. फक्त क्रम चुकतोय. आधी नवऱ्याची वीर्यतपासणी, तुझी थायरॉइड, आतून सोनोग्राफी (पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली तर उरलेल्या ओव्हरीत किती फॉलिकल आहेत ते मोजता येतात), मग नळीसाठी एचएसजी (औषध सोडून नळी मोकळी आहे का ते दाखवणारा एक्स-रे). आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं नसेल तर आजपासून कर, रोज ४०० मायक्रोग्रॅम.

सगळ्यात महत्त्वाचं: त्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी शोध. नेमकं काय काढलंय ते त्यात असतं. फक्त गाठ, की ओव्हरी, की ओव्हरी आणि नळी दोन्ही? "ओव्हरी काढली" असं घरच्यांनी सांगितलेलं असतं आणि कागदावर भलतंच निघतं, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

गुलबक्षी

स्टेथोवालीताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार! बारा महिने वाचून खरंच हलकं वाटलं. फाइल आईकडे साताऱ्याला आहे, फोटो मागवते.

पेठेतला_पुणेकर

पुरुष प्रतिसाद द्यायला कचरतात म्हणून मीच लिहितो.

आमच्याकडे दोष माझ्यात होता. पण हे कळायच्या आधी बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सोळा सोमवार झाले, नारायण नागबळी झाला, तिच्या आईने कोणाकडून तरी आणलेली पुडी दुधातून घेऊन झाली. मी मात्र "मला काय झालंय, मी रोज पर्वती चढतो" या तोऱ्यात.

लॅब लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीत होती. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता प्लास्टिकची डबी दिली, त्यावर माझं नाव लिहिलेली चिकटपट्टी, आणि बोटाने मागची खोली दाखवली. खोलीत एक खुर्ची, एक वॉश बेसिन आणि भिंतीवर कुठल्याशा सहकारी बँकेचं कॅलेंडर. दाराबाहेर शुगर तपासायला आलेले आजोबा कर्मचाऱ्याशी बिलावरून हुज्जत घालताहेत. या वातावरणात माणसाने काय करावं? पण झालं एकदाचं. काउंट बराच कमी, व्हेरिकोसिल (अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या शिरा) निघालं. छोटं ऑपरेशन झालं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणून तेवढं थांबून पुन्हा तपासणी केली. आता मुलगा आहे.

माहितीसाठी: तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. घरून नमुना नेणार असाल तर तासाभरात पोचवायचा, खिशात अंगाजवळ धरून. सिंहगड रोडवर राहत असाल तर संध्याकाळचा विचारही करू नका. सातशे-आठशे रुपयांत काम होतं, तरी शेकडा नव्वद घरांत ही तपासणी सगळ्यात शेवटी होते. (शेकडा नव्वद हा माझा वैताग आहे, आकडेवारी नाही.)

स्टेथोवाली

+१. मूल न होण्याच्या तक्रारींत जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतंच. आणि इथे तर सगळ्यांचं लक्ष नसलेल्या ओव्हरीकडे असतं, त्यामुळे ती तपासणी आणखीच मागे पडते.

वैद्य नव्हे पण

शतावरी आणि फलघृत सुरू करा, उत्तम गुण येतो. दुसरं म्हणजे, उजवा बीजकोश नसेल तर फक्त मुलीच होतात असं जुने लोक सांगत, ते मनाला लावून घेऊ नये. मुलगी लक्ष्मीच.

मृण्मयी_ब

काका, मनाला लावून घेऊ नये म्हणताय आणि सांगूनही मोकळे!

स्टेथोवाली

बीज उजवीकडून आलं काय आणि डावीकडून आलं काय, त्यात एक्स गुणसूत्रच असतं. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूत एक्स आहे की वाय त्यावर ठरतं. माझ्याकडे डावीच ओव्हरी असलेल्या आणि दोन्ही मुलगे झालेल्या बायका आहेत. आता पोर कुठल्या बाजूच्या बीजाचं हे सोनोग्राफीच्या खोलीत विचारू मात्र नका कोणी. दारावर गर्भलिंगनिदान बंदीच्या १९९४ च्या कायद्याची पाटी असते आणि आम्हाला प्रत्येकीमागे फॉर्म एफ भरायचा असतो. आम्ही आधीच वैतागलेले असतो.

फलघृताबद्दल: घ्यायचंच असेल तर वैद्यांकडून प्रकृती दाखवून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना सांगून घ्या. धाग्यावर वाचून नको.

संपादक मंडळ

"१०० टक्के गर्भधारणा" असा मोबाइल नंबरसह आलेला जाहिरातीचा प्रतिसाद काढून टाकला आहे.

गुलबक्षी

फाइलचा फोटो आला. "राइट साल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी" लिहिलंय. गूगल केलं. म्हणजे उजवी नळीही काढली आहे! हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आई म्हणते, "तेव्हा तू जगलीस हेच खूप होतं, नळीचं कोण विचारतंय." आता?

स्टेथोवाली

आता काहीच बदललं नाही. डावी ओव्हरी आणि तिच्या शेजारची डावी नळी, दोन्ही तुझ्याकडे आहेत. ती नळी मोकळी आहे ना, एवढाच प्रश्न, आणि त्यासाठी एचएसजी.

एका बाजूची ओव्हरी आणि दुसऱ्या बाजूची नळी उरलेली असते ना, त्यांनाही दिवस राहतात. नळी ओव्हरीला चिकटलेली नसते. तिच्या टोकाला झालर असते आणि ती हलती असते. गर्भाशयाच्या मागे पोटाचा जो खोलगट भाग आहे तिथे आलेलं बीज पलीकडची नळीही उचलू शकते. तुला तर तेवढीही गरज नाही.

फाइलमध्ये गाठीचा बायॉप्सी रिपोर्टही असेल, तो वेगळा काढून ठेव. कुठल्याही नव्या डॉक्टरांना पहिल्यांदा तोच लागेल.

इतिहासाचा किडा

अवांतर, पण राहवत नाही. ओव्हरीची गाठ पोट उघडून काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेत केंटकीत झालं. डॉक्टर इफ्रेम मॅकडॉवेल, पेशंट जेन टॉड क्रॉफर्ड. भुलीचा शोध लागायला अजून तीन तपं बाकी होती, म्हणजे बाई जागी. गाठ साडेबावीस पौंडांची, दहा किलोच्या वर. ही बाई घोड्यावर बसून साठ मैल आली होती आणि त्यानंतर तीसेक वर्षं जगली.

नारायण पेठ

आणि आमच्याकडे एका इंजेक्शनला लोक चार नातेवाईक घेऊन जातात.

अनामिक_२६

नाव न लावता लिहितेय. माझीही एक ओव्हरी काढली आहे (डावी, गाठ साधी निघाली). घरी स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते, "ऑपरेशन झालं होतं एवढंच सांगू, अपेंडिक्स म्हणू." मला ते पटत नाही, पण पहिल्याच भेटीत सांगायचं म्हणजे तिथेच संपतं असाही अनुभव आहे. एका मुलाच्या आईने फोनवर विचारलं, "म्हणजे अर्धीच शक्यता ना?" काय करावं?

मृण्मयी_ब

अपेंडिक्स अजिबात नको. दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या खुणा पोटावर राहतातच, आणि पहिल्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर सगळं विचारणार, तेव्हा सासूबाई शेजारी बसलेल्या असणार. पण कांदेपोह्यांच्या वेळी दिवाणखान्यात दहा माणसांसमोर सांगायचीही ही गोष्ट नाही. मी नवऱ्याला तिसऱ्या भेटीत सांगितलं, कर्वे रोडवरच्या एका हॉटेलात. तो गप्प झाला, मग म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही, डॉक्टरांकडे जाऊन विचारू?" गेलो दोघं. मॅडमनी त्याला चित्र काढून दाखवलं. त्याच्या घरी काय आणि किती सांगायचं ते त्याच्यावर सोडलं.

सुमनमावशी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. लपवलं की पुढे त्याचाच बाऊ होतो. आमच्या नात्यात लग्नानंतर कळलं आणि ओव्हरीवरून नाही, लपवल्यावरून भांडण झालं. दोन्ही घरच्या मोठ्यांच्या कानावर घालावं. मुलीच्या वडिलांनी सांगावं, मुलीवर सोडू नये.

ठिपक्यांची_रांगोळी

मावशी, मान्य. मग मुलाच्या वडिलांनीही सांगावं. लहानपणी ज्यांचं अंडकोष खाली न उतरल्याचं ऑपरेशन झालेलं असतं असे कितीतरी मुलगे आहेत, त्याचा काउंटवर परिणाम होऊ शकतो. कोणत्या बायोडेटात वाचलंय हे? उंची, पगार, स्वतःचा टू बीएचके, नाडी, गण. मुलीने मात्र पोटाची फाइल घेऊन यायचं.

सुमनमावशी

बरोबर आहे तुझं. त्यांनीही सांगावं. आमच्या वेळी हे प्रश्नच नव्हते असं म्हणणार होते, पण होते. बोलत नव्हतो.

पेठेतला_पुणेकर

अनामिक, "अर्धीच शक्यता" म्हणणाऱ्या बाईंनी तुझं काम सोपं केलं. ते घर यादीतून गेलं.

स्टेथोवाली

अनामिक, लग्नाचं तू ठरव, मी वैद्यकीय तेवढं सांगते. शक्यता अर्धी होत नाही. पाळी नियमित असेल आणि उजवी ओव्हरी सोनोग्राफीत चांगली दिसत असेल तर इतर कुठल्याही २६ वर्षांच्या मुलीला सांगेन तेच तुला. वर्षातून एकदा सोनोग्राफी कर. डर्मॉइड असलेल्यांनी तर नक्कीच, दहातल्या एकीला तरी ती दोन्ही बाजूंना होते. उरलेल्या ओव्हरीत गाठ वाढत असेल किंवा एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) असेल तर मग बीजं गोठवून ठेवण्याबद्दल बोलावं लागतं. नाहीतर घाई नाही.

आणि हे सगळ्यांसाठीच: एका बाजूला ओटीपोटात अचानक असह्य कळ आली आणि सोबत उलट्या झाल्या, तर गॅस समजून ओवा खात बसायचं नाही. जिथे सोनोग्राफी आणि ऑपरेशन दोन्ही होतं अशा ठिकाणी तडक जायचं आणि दारातच सांगायचं, "मला एकच ओव्हरी आहे." पूर्वी पीळ बसून काळीनिळी पडलेली ओव्हरी सरसकट काढत. आता पीळ सोडवून ती ठेवण्याकडे कल आहे, कारण काळी दिसली तरी बऱ्याचदा ती पुन्हा काम करू लागते. पण त्यासाठी वेळेत पोचायला हवं.

गुलबक्षी

हे वाचून काटा आला. होस्टेलवर रेक्टरबाईंनी मला सोडा प्यायला दिला होता.

मृण्मयी_ब

रात्री लिहिते म्हटलेलं आज लिहितेय, चार दिवस गेले. गरोदरपणाबद्दल, कारण ते कोणी लिहिलेलं नाही.

दिवस राहिल्यावर एका ओव्हरीमुळे वेगळं असं काही नव्हतं. मला वाटायचं हार्मोन कमी पडतील, गर्भ टिकणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, ज्या फॉलिकलमधून बीज बाहेर पडलं तेच पुढचे आठ-दहा आठवडे प्रोजेस्टेरॉन पुरवतं, नंतर वार ते काम घेते. म्हणजे ओव्हरीचं काम तिथे संपतं. मला सुरुवातीला गोळ्या दिल्या होत्या त्या थोडं स्पॉटिंग झालं म्हणून, ओव्हरीमुळे नाही.

घोळ झाला तो सोनोग्राफीत. पहिल्या सोनोग्राफीला मी काही बोलले नाही. डॉक्टर डावीकडे प्रोब दाबून दाबून शोधताहेत, ब्लॅडर फुटायला आलेलं, ते गप्प, कपाळाला आठ्या. मला वाटलं बाळाचं काहीतरी बिघडलं. शेवटी म्हणाले, "लेफ्ट ओव्हरी दिसत नाहीये, कधी ऑपरेशन झालं होतं का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं! तेव्हा टेबलावर चढतानाच सांगून टाका.

आईने सातव्या महिन्यात हौसेने डोहाळजेवण केलं, धनुष्यबाण-बिण सगळं. बाळंतपण नॉर्मल झालं.

शांत_तळं

इथे सगळे गोड अनुभव आहेत म्हणून लिहावं की नाही याचा विचार करत होते.

माझ्या बाबतीत नाही झालं. एक ओव्हरी एंडोमेट्रिऑसिसमध्ये गेली आणि उरलेलीतही तो होताच. सुरुवात केली तेव्हा वय ३७. आयव्हीएफ केलं. इंजेक्शनं जास्त डोसची, आणि बीजं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. बरोबरच्या बायकांना बारा-पंधरा मिळायची. काही टिकलं नाही. पैसे किती गेले ते लिहीत नाही, पण सदाशिव पेठेतली सासऱ्यांची खोली विकली. मग थांबलो. आता काराच्या पोर्टलवर नोंदणी केली आहे आणि दत्तकाची वाट पाहतोय. वाट मोठी आहे.

गुलबक्षी, तुझं वय आणि तुझं कारण दोन्ही वेगळे आहेत. माझ्यावरून स्वतःचं मोजू नकोस. फक्त "एक पुरते" असं सगळे म्हणतात तेव्हा कोणाला आणि कुठल्या वयात, तेही विचार.

स्टेथोवाली

शांत_तळं, लिहिलंत ते फार बरं केलंत. पीळ बसून किंवा साध्या गाठीमुळे एक ओव्हरी गेली तर दुसरी सहसा निरोगी असते. एंडोमेट्रिऑसिसमध्ये आजार दुसऱ्या ओव्हरीतही असू शकतो, आणि प्रत्येक ऑपरेशनमध्ये थोडा साठा जातो. आयव्हीएफमध्ये एका ओव्हरीतून बीजं कमी मिळतात हेही खरं. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

विमावाला

पैशांचा विषय निघालाच आहे तर. बहुतेक सगळ्या आरोग्य विम्यांत वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात. पॉलिसीच्या कागदांत "एक्सक्लुजन १७" शोधा, सगळ्या कंपन्यांमध्ये हाच क्रमांक असतो. बाळंतपण १८ मध्ये. त्यामुळे पॅकेज देताना "क्लेम होईल" असं कोणी तोंडी म्हणालं तर लिहून मागा. काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत मात्र आयव्हीएफला मर्यादित रक्कम मिळते, हिंजवडी-खराडीत काम करणाऱ्यांनी एचआरला विचारावं. आणि नवी पॉलिसी घेताना जुनं ओव्हरीचं ऑपरेशन लपवू नका, नंतर त्यावरूनच क्लेम अडकतो.

गुलबक्षी

अपडेट. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, घराजवळ, छोटं क्लिनिक आहे. बाईंनी आधी फाइल पूर्ण वाचली, मग नवऱ्याला आत बोलावून समोर बसवलं आणि चिठ्ठीवर पहिली तपासणी त्याचीच लिहिली. पेठेतले पुणेकर, तुमचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला होता. बँकेच्या कॅलेंडरवर हसून हसून गेला आणि मुकाट लॅबला गेला. रिपोर्ट नॉर्मल आहे. माझी थायरॉइड वर आली, ५.८, त्यासाठी गोळी सुरू केली आहे. सोनोग्राफीत डावी ओव्हरी छान दिसली, गाठ नाही. आता पुढच्या पाळीनंतर एचएसजी. आयव्हीएफचं नाव बाईंनी काढलं नाही, मीच विचारलं तर म्हणाल्या, आधी नळी बघू.

सासूबाईंना नवऱ्याने सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हळदीकुंकवाला बायका बोलल्या तेव्हा मला माहीत असतं तर मी त्यांना गप्प केलं असतं." रागावल्या आहेत की नाही ते अजून कळलेलं नाही.

एचएसजी फार दुखते का हो?

ठिपक्यांची_रांगोळी

मिनिटभर जोराची पाळीची कळ येते तशी. काहींना काहीच होत नाही. आधी तासभर पेनकिलर घ्यायला सांगतात ती चुकवू नकोस. एकटी जाऊ नकोस, स्वतः गाडी चालवत तर नकोच. पॅड ने.

स्टेथोवाली

पाळी सुरू झाल्यापासून तपासणीपर्यंत संबंध नकोत. आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांग. साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात.

अनामिक_२६

मध्येच विचारते, एएमएचला उपाशीपोटी जावं लागतं का?

स्टेथोवाली

नाही. पाळीच्या कुठल्याही दिवशी, खाऊनपिऊन. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मात्र आकडा कमी येतो, तेवढं सांग.

मृण्मयी_ब

गुलबक्षी, आणखी एक. एचएसजी बऱ्याच सेंटरना रोज नसते, ठरलेल्या वारीच करतात, आणि रविवार मध्ये आला की दहावा दिवस हातचा जातो. पाळी आली की पहिल्याच दिवशी फोन करून नंबर लाव.